हिवाळ्यात विणलेलं जाळं

घरात तिला सगळे गुंता म्हणत. लहानपणी केस विंचरू द्यायची नाही म्हणून आईनं ठेवलेलं नाव, ते सत्तेचाळिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. बाहेर मात्र तिला मान होता. सूत, ताग, लोकर, जुने दोरखंड, हाताला लागेल ते मागावर चढवून ती भिंतभर मोठाले पडदे विणायची. ते इस्पितळांत, बँकांत, बड्या हॉटेलांत टांगलेले असायचे आणि त्यांच्यासमोर लोक मान तिरकी करून 'वा' म्हणायचे. बाबा एकदा असाच एक पडदा बघायला आले होते. खालून वरपर्यंत बघून म्हणाले, "छान आहे. पण यात मासा नाही राहायचा."

बाबांनी आयुष्यभर मासे धरले होते. तळ्याकाठी त्यांचं घर होतं: दोन खोल्या, एक लांबलचक पडवी, आणि पाण्याला टेकलेली एक शेड. शेडमध्ये बोट आणि जाळी. आई गेल्यापासून नऊ वर्षं ते तिथे एकटेच राहत होते. दर उन्हाळ्यात एक आठवडा गुंता, तिचा मोठा भाऊ दादा आणि वहिनी तिथे येऊन राहायची, मासे धरायची, खायची, झोपायची. त्या आठवड्यात घड्याळं असून नसल्यासारखी. सकाळचं ऊन तळ्यावर पडून उलटं छताला लागायचं आणि तिथे हलत राहायचं. गादीवर पडून ते बघताना आपण पाण्याच्या वर आहोत की खाली, हे गुंताला पटकन सांगता यायचं नाही. सांगायची घाईही नसायची.

यंदा मात्र सोमवारी पहिल्याच जेवणाला दादानं घसा खाकरला.

"बाबा, जरा बोलायचं होतं."

"तू 'बोलायचं होतं' म्हणतोस तेव्हा तुझं सगळं ठरलेलं असतं," बाबा म्हणाले. "बोल."

दादा लिफ्ट तपासायचा. वजन लावून बघायचं, दोर बघायचे, मग सही करायची, हा त्याचा धंदा आणि हाच त्याचा स्वभाव. वसंतात बाबांची बोट आपोआप सुटून पलीकडच्या काठाला लागली होती. रिकामी. कुणीतरी दादाला फोन केला आणि बाबांचा फोन काही लागेना. चार तास गाडी हाकत तो आला, तेव्हा बाबा पायरीवर बसून कांदे सोलत होते. त्यांना बघून दादा गाडीशेजारीच मटकन खाली बसला होता. त्या चार तासांत त्यानं बापाला मनातल्या मनात पोहोचवूनही टाकलं होतं, आणि ते तो विसरू शकत नव्हता.

"बोट सुटते म्हणजे गाठ बसली नाही," तो आता म्हणाला. "हात गेले असतील तर कबूल करा. आमच्याकडे खोली आहे. तिसरा मजला, पण लिफ्ट आहे."

"तू तपासलेली?"

"हो."

"मग जिन्यानं येईन."

वहिनी हसली, पण दादा हसला नाही. "हिवाळाभर नवं जाळं विणलंत ना? ते गुंता बघेल. सगळ्या गाठी तुमच्या हातच्या निघाल्या, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही निघाल्या, तर बोट कुणाला तरी देऊन टाकायची, घराला कुलूप लावायचं आणि तुम्ही आमच्याकडे यायचं. शब्द?"

"शब्द," बाबा म्हणाले. जरा जास्तच चटकन म्हणाले. "शनिवारी जेवताना सांगेल ती. ती म्हणेल ते."

गुंताला कुणी विचारलं नाही. धाकट्यांना विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच.

पण परीक्षक म्हणून तिच्याकडे बोट दाखवायलाही कारण होतं. एका संग्रहालयानं एकदा तिला दीडशे वर्षांपूर्वीची शाल दाखवायला बोलावलं होतं. अर्धा तास शाल नुसती बोटांत फिरवून ती म्हणाली, ही दोघींनी विणलीय, त्यातली एक डावखुरी होती. त्यांनी जुने कागद काढले तर तसंच निघालं. तेव्हापासून दादा चारचौघांत सांगायचा, "लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, आमची बहीण सुतावरून माणूस गाठते." ही विद्या तिला बाबांचीच. ती पाच वर्षांची असताना ते तिच्यासमोर जाळं धरायचे आणि विचारायचे, यातली माझी गाठ कुठली, आईची कुठली? बरोबर सांगितलं की एक जर्दाळू मिळायचा. त्या उन्हाळ्यात तिनं इतके जर्दाळू खाल्ले की आईला शेवटी ती परीक्षाच बंद करावी लागली.

मंगळवारी ती बाबांबरोबर गळ टाकायला गेली. पाणी इतकं स्थिर होतं की वल्ह्याचा थेंब पडला तरी त्याचं वर्तुळ दूरवर जाताना दिसायचं. बाबांनी दोरा आणि गळ तिच्या पुढ्यात ठेवले.

"तू बांध. चष्मा घरी राहिला."

चष्मा कपाळावर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं ती म्हणणार होती, पण त्यांच्या उजव्या हाताकडे बघून गप्प बसली. हात मांडीवर पडला होता आणि अंगठा पाहुण्यासारखा बाजूला, कशातच न पडता. तिनं गळ बांधला. दोन तासांत चार मासे लागले. प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, "माझ्या नजरेनं लागला." मग दोघं बोटीतच पेंगली. जाग आली तेव्हा काठ सरकला होता का बोट, हे तिला कळेना. बाबा तोंड उघडं टाकून झोपले होते आणि त्यांच्या हनुवटीवर पाण्याचा उजेड नाचत होता. या माणसाला तिसऱ्या मजल्यावर झोपलेलं बघायचं, हा विचारच तिला सहन होईना.

बुधवारी दुपारी सगळे लवंडल्यावर ती शेडमध्ये गेली. आत डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. नवं जाळं एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत टांगलं होतं, दुधावरच्या सायीसारखं पिवळसर पांढरं. जाळं हलत नव्हतं, पण फटीतून आलेल्या उन्हानं त्याची सावली जमिनीवर हलत होती. ती खाली आडवी झाली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. डोळ्यांवर झापड आली. अर्धवट झोपेत तिला वाटलं, आई पलीकडच्या टोकाला बसून विणतेय आणि आता इतक्यात म्हणेल, गुंते, केस आण इकडे. मग ती उठली, चूळ भरली आणि कामाला लागली.

जाळ्याची पहिली पाच हात लांबी बाबांचीच होती. त्यांची गाठ बारीक, आणि आवळताना शेवटी डावीकडे एक हलका झटका. बापाचा आवाज ओळखावा तशी ती ओळखायची. सहाव्या हातापाशी गाठी सैल पडू लागल्या. एक सुटून पुन्हा बांधलेली. एक दोनदा बांधलेली. एक तर नुसतीच गुंडाळी, गाठ नव्हेच. अंगठा दाबत नव्हता. त्या वीतभर जागेत धागा मळून काळा पडला होता, इतक्या वेळा हाताळलेला. इथे हा माणूस हिवाळ्यात एकटा किती दिवस झटापट करत बसला असेल, या विचारानं तिला रडू आलं, आणि बघायला कोणी नव्हतं म्हणून तिनं ते येऊ दिलं.

त्यापुढे मात्र एकदम दुसरेच हात सुरू झाले. घट्ट, सरळ, नाकासमोर चालणाऱ्या गाठी. प्रत्येक गाठ बोटांनी नव्हे, खांद्यातून ओढलेली. आणि जाळं संपेपर्यंत त्याच.

गुरुवारी ती पाव आणायला बेकरीत गेली. बेकरीवाल्या बाई साठीच्या, दंडानं दणकट, केसांना कायम पीठ. दादाला बोट सुटल्याचा फोन त्यांनीच केला होता. त्यांनी दोन पाव कागदात गुंडाळले, दोरी फिरवली, कोपर कमरेला टेकवलं आणि अख्खा खांदा मागे घेऊन गाठ आवळली. हातच्या काकणाला आरसा कशाला? गुंता त्या गाठीकडे बघतच राहिली.

"काय बघताय?" बाईंनी विचारलं, आणि मग त्यांनाच कळलं. त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. "ओळखलंत?"

"ओळखलं."

बाई स्टुलावर बसल्या. "तोंड त्यांचं, हात माझे. दुपारी दोनला भट्टी थंड होते, तेव्हा जाते मी. शिव्या देतात हो! 'ही गाठ आहे की बटाटा?' पहिली वीतभर तर तीनदा उसवायला लावली. माझा नवरा गेला बिचारा, पण त्याचीही कधी छाती नव्हती मला असं बोलायची."

"मग कशाला जाता?"

बाईंनी जरा विचार केला. "घरी गेल्यावर मला ओरडायला कोण आहे?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगू नका दादांना. बाबांनी शब्द दिलाय, कळलं मला; ते तिथे शहरात काय करतील? आणि मी तरी दोन वाजता काय करू?"

त्यांनी पावाबरोबर एक लोण्याचा गोळाही बांधून दिला. लाच म्हणावी तर फार चांगलं लोणी होतं.

शुक्रवार गुंतानं पाण्यात काढला. पाठीवर पडून तरंगायचं, कानांत पाणी, वर नुसतं आभाळ, आणि मनात तेच. खरं सांगितलं तर बाबांचं घर जाणार, आणि ते तिच्या तोंडून जाणार. खोटं सांगितलं तर उद्या बोटीतून ते पडले, तर तेही तिच्याच माथी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये हे तळं. दुपारी वहिनीनं काकड्या चिरल्या, दादानं जुनी शिडी वजन टाकून तपासली आणि नापास केली, बाबा पडवीत पेंगत होते. त्या झोपाळू शांततेत तिला वाटलं, हे असंच राहावं, बस. आणि तिनं ठरवलं की खोटं बोलायचं. इतकी वर्षं खरं ओळखून तिनं नाव कमावलं होतं. एकदा बापासाठी चुकलं तर काय बिघडतंय?

शनिवारी दुपारी झाडाखाली टेबल मांडलं. पहाटे धरलेले मासे लोण्यात तळलेले, उकडलेले नवे बटाटे, मीठ लावलेले टोमॅटो, काकडी आणि बेकरीतला गरम पाव. पाव घेऊन बाई स्वतःच आल्या होत्या आणि बाबांनी त्यांना बसवून घेतलं होतं. बाईंचं जेवणात लक्ष नव्हतं.

"हं, गुंता," दादा म्हणाला. "काय निकाल?"

"सगळ्या गाठी बाबांच्या," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ आला. तिचं तिलाच नवल वाटलं.

दादानं एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. त्यालाही हेच ऐकायचं होतं, हे तिला तेव्हा कळलं. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाई ताटाकडे बघत राहिल्या. खूश नव्हते ते एकटे बाबा.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

बाबा उठले. शेडमध्ये गेले आणि जाळं ओढत घेऊन आले. त्याचं शेवटचं टोक त्यांनी थेट टेबलावर टाकलं.

"बाबा, अहो टोमॅटो!" वहिनी ओरडली.

"ही गाठ कुणाची?"

"तुमची," गुंता म्हणाली.

"आणि ही?"

"तुमचीच."

"उजेडात धर. नीट बघ. ही?"

"बाबा, तुमचीच आहे."

ती वाट बघत होती की ते डोळा मारतील, निदान हसतील. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, थट्टा नव्हती. भीती होती. त्यांनी तिची हनुवटी धरली, लहान पोरीची धरावी तशी, तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात बघितलं.

"पोरी," ते म्हणाले, "कधीपासून दिसत नाहीये तुला?"



"हे असंच चोरपावलांनी येतं," बाबा म्हणत होते. "माझा अंगठा असाच गेला. आधी एक गाठ सुटली, मग दोन. मीही कुणाला सांगितलं नाही. तू डॉक्टरकडे गेलीस का? रंग दिसतात? तुझं सगळं पोट डोळ्यांवर आहे ग. ही गाठ बटाट्याएवढी आहे, आंधळ्यालाही कळेल माझी नाही ते, आणि तू..."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आपण जिंकलो होतो, घर राहिलं होतं, नुसतं गप्प बसून बटाटे खायचे होते, हे तो माणूस साफ विसरून गेला होता. दादानं काटा खाली ठेवला होता. बाईंनी पदराखालून हात काढावा तसे टेबलाखालून आपले दोन्ही हात वर काढून समोर ठेवले होते.

आणि गुंताला कळलं की अजूनही तिच्या हातात आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणावं, डॉक्टरकडे जाईन म्हणावं; दादाला कदाचित पटलंही असतं. पण मग हा म्हातारा उरलेलं आयुष्य रोज सकाळी उठून तिच्या डोळ्यांची काळजी करत बसला असता. ते तिला जमेना.

तिनं डोळे मिटून घेतले आणि जाळं सुरुवातीच्या टोकापासून हातात घेतलं.

"पाच हात तुमचे," बोटं सरकवत ती म्हणाली. "उत्तम आहेत. इथून अंगठा दाबत नाहीये. ही तुम्ही दोनदा बांधलीत. ही गाठच नाही, नुसती गुंडाळी आहे. ही तुमची शेवटची, आणि ही काही चांगली नाही, बाबा. इथून पुढे यांच्या. पहिल्या वीतभर हात घाबरलेले आहेत. इथे तुम्ही ओरडलात. इथून चांगल्या व्हायला लागल्या."

"ओरडले होते," बाई पुटपुटल्या.

"मला सगळं दिसतं, बाबा," गुंता म्हणाली आणि डोळे उघडले. "मी खोटं बोलले."

"हां," बाबा म्हणाले. ते खुर्चीत टेकले. गेलेला रंग चेहऱ्यावर परत आला. "मग ठीक आहे. डोळे शाबूत आहेत."

घर गेलं, बोट गेली, तळं गेलं, आणि त्या माणसाच्या तोंडावर सुटल्याचा आनंद होता. मुलीचे डोळे नीट आहेत, एवढं त्याला पुरलं होतं. ती मात्र दोन दिवस समजत होती की आपण बापाला वाचवतोय. तिला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती आणि बापावर इतकं प्रेम कधी आलं नव्हतं.

"कधी निघायचं?" बाबांनी दादाला विचारलं. "उद्या? की एक दिवस देशील आवरायला?"

दादानं जाळ्याचा शेवटचा भाग मुठीभोवती गुंडाळला, पाय रोवला आणि सवयीप्रमाणे सगळं वजन टाकून ओढलं. एक बशी खाली पडली. गाठी जागच्या हलल्या नाहीत. मग त्यानं बाईंच्या हातांकडे बघितलं, आणि बराच वेळ बघितलं.

"रोज येता?" त्यानं विचारलं.

"रोज. दोन वाजता."

"निघायचं कधी?" बाबा पुन्हा म्हणाले. "शब्द दिलाय मी."

"तुमचा शब्द ठेवा तुमच्यापाशी," दादा म्हणाला. "मला गाठींची कधी भीती नव्हती. तुम्ही पाण्यावर असाल आणि कुणाला कळणारही नाही, त्याची होती. आमच्या तिसऱ्या मजल्यावर दुपारी दोन वाजता कोण येणार तुमच्या शिव्या खायला?"

बाईंनी नाक पुसलं. नाकालाही पीठ लागलं.

"पण बोटीत एकटं जायचं नाही," दादा म्हणाला. "बाई बरोबर असतील तरच."

"मला पोहता येत नाही हो," बाई म्हणाल्या.

"शिका. ओरडायला माणूस आहेच."

वहिनीला हसू आवरेना. ती जाळ्यातून टोमॅटो सोडवत बसली. बाबा आपल्या ताटातल्या माशाकडे बघत होते. तो तसाच होता, अख्खा, थंड झालेला. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि ताटाशेजारी ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"गुंते," ते म्हणाले, "काटे काढून दे ग. मला आता जमत नाही."

तिनं त्यांचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.